चितोडची शपथ, दिल्लीचा पदपथ : गाडिया लोहारांची साडेचार शतके

राजधानी दिल्लीच्या शाहदरा भागातील मानसरोवर पार्क असो, वा पश्चिमेकडील मंगोलपुरी. मोठ्या रस्त्यांच्या कडेला, पदपथाला लागून काही झोपड्यांची एक ओळ दिसते. समोर जमिनीत रोवलेली ऐरण, शेजारी निखाऱ्यांची लहानशी भट्टी आणि तापलेल्या लोखंडावर घणाचे घाव घालणारी स्त्री असे तेथील नेहमीचे दृश्य असते. सांडशीत लोखंड धरून ते फिरवणारा बहुधा तिचा पती किंवा मुलगा असतो. चिमटे, तवे, कढया, सुऱ्या, छिन्न्या, खुरपी असा माल गोणपाटावर मांडलेला असतो. काही झोपड्यांमागे पितळी पट्ट्यांनी सजवलेली एक जुनी, जड लाकडी बैलगाडी उभी असते. तिला बैल नसतात आणि ती कोठे जातही नाही. परंतु तिच्यावरूनच या समाजाला त्याचे नाव मिळाले आहे. हे लोक म्हणजे गाडिया लोहार, अर्थात गाडुलिया लोहार होत.

राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दिल्ली या पट्ट्यात हा समाज विखुरलेला आहे. त्याचेच नातलग म्हणता येतील असे लोहार महाराष्ट्रातही आहेत. मराठी माणूस त्यांना घिसाडी या नावाने ओळखतो. एका किल्ल्याच्या पाडावापासून सुरू होणारी ही कहाणी आज राजधानीतील पुनर्वसनाच्या नियमांपाशी येऊन थांबली आहे.

किल्ला पडला, शपथ उरली

सन १५६७ च्या ऑक्टोबर महिन्यात मोगल बादशहा अकबर याने मेवाडच्या चितोडगडाला वेढा घातला. राणा उदयसिंह डोंगराळ मुलखात निघून गेले होते आणि किल्ल्याची सूत्रे जयमल राठोड व पत्ता सिसोदिया यांच्या हाती होती. सुमारे चार महिने झुंजल्यानंतर फेब्रुवारी १५६८ मध्ये किल्ला पडला. गडावर जोहार झाला आणि त्यानंतर झालेल्या कत्तलीत हजारो लोक मारले गेले.

गाडिया लोहारांची परंपरा असे सांगते की, त्यांचे पूर्वज चितोडच्या सैन्यासाठी तलवारी, भाले आणि ढाली घडवीत असत. किल्ला गेल्यावर त्यांनी पाच शपथा घेतल्या. चितोड मुक्त होईपर्यंत गडावर पाऊल ठेवायचे नाही. घर बांधून राहायचे नाही. खाटेवर निजायचे नाही. रात्री दिवा लावायचा नाही. आणि विहिरीतून पाणी काढण्यासाठी स्वतःचा दोर बाळगायचा नाही. गाडीवर खाट ठेवायचीच झाली, तर ती उलटी ठेवायची, अशी रीत यातूनच पडली. घरातील प्रत्येक नवी पिढी ही शपथ ऐकतच मोठी होत असे.

हा इतिहास की दंतकथा, असा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आहे. शपथेला समकालीन कागदपत्रांपेक्षा मौखिक परंपरेचाच आधार अधिक आहे. शिवाय मेवाडच्या पुढील इतिहासातील एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. सन १६१५ मध्ये राणा अमरसिंह आणि मोगल यांच्यात तह झाला. त्या तहान्वये चितोडगड मेवाडला परत मिळाला. मात्र किल्ल्याची तटबंदी पुन्हा उभारायची नाही, अशी अट घालण्यात आली. म्हणजे शपथेनंतर पन्नास वर्षांच्या आतच गड मेवाडच्या राणांकडे आला होता. असे असूनही गाडिया लोहारांच्या गाड्या पुढे तीनशे चाळीस वर्षे फिरतच राहिल्या. एवढ्या दीर्घ भ्रमंतीचा उलगडा केवळ शपथेने होत नाही. त्यामागचे दुसरे कारण त्यांच्या व्यवसायात शोधावे लागते.

फिरते लोहार का फिरतात?

कोरडवाहू मुलखातील लहान खेड्यात लोहाराला वर्षभर पुरेल एवढे काम नसते. नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळा, खुरपे ही अवजारे एकदा घडवली की काही काळ टिकतात. त्यांना धार लावणे, डागडुजी करणे हे काम वर्षातून एकदोनदाच निघते. त्यामुळे एकाच गावात बसून राहणाऱ्या लोहाराला एकतर गावाने सांभाळावे लागते किंवा त्याला काम असेल तेथे जावे लागते. महाराष्ट्रात गावचा लोहार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता आणि त्याला सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा मिळत असे. फिरता लोहार या बलुत्याच्या बाहेरचा. तो येई, गावाच्या वेशीबाहेर तळ टाकी, काही दिवसांत साठलेले काम उरकी आणि धान्य वा रोख पैसे घेऊन पुढच्या गावाला निघे.

या भ्रमंतीला शिस्त होती. कुटुंबांचे लहान गट ठराविक मार्गाने, ठराविक गावांतून दरवर्षी जात आणि पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी थांबून काढीत. गावकऱ्यांना ते कधी येणार हे माहीत असे, त्यांना गावकऱ्यांच्या गरजा माहीत असत. बैलांची खरेदी-विक्री हा त्यांचा जोडधंदा होता. मानववंशशास्त्रज्ञ पी. के. मिश्र आणि समाजशास्त्रज्ञ एस. पी. रुहेला यांनी गेल्या शतकात या समाजाचा तपशीलवार अभ्यास केला. रुहेला यांचा राजस्थानातील गाडुलिया लोहारांवरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील खंडोबा आणि धनगर परंपरेचे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी लॉरेन्स लेश्निक यांच्यासमवेत १९७५ साली संपादित केलेल्या दक्षिण आशियातील भटक्यांविषयीच्या संग्रहात मिश्र यांचा लेख आहे. या अभ्यासांतून गाडिया लोहारांचे भटकणे म्हणजे दिशाहीन वणवण नव्हे, तर ग्रामीण अर्थव्यवस्थेतील एक नेमकी जागा भरून काढण्याची पद्धत होती, हे स्पष्ट झाले.

शपथ आणि व्यवसाय या दोन्ही गोष्टी त्यामुळे परस्परांना आधार देत राहिल्या. पोटासाठी फिरावे लागणाऱ्या माणसाला शपथेने प्रतिष्ठा दिली. आपण निराधार नसून व्रतस्थ आहोत, ही जाणीव दिली.

गाडी हेच घर

बाभळीसारख्या टणक लाकडाची, पितळी पत्रे व खिळ्यांनी मढवलेली गाडी ही गाडिया लोहारांची सर्वांत मोठी मालमत्ता असे. तिच्यात धान्य, कपडे, भांडी आणि अवजारे यांच्यासाठी स्वतंत्र जागा असे. लहान मुले, म्हातारी माणसे आणि कोंबड्यासुद्धा याच गाडीतून प्रवास करीत. विवाहानंतर वेगळे बिऱ्हाड थाटायचे म्हणजे वेगळी गाडी घ्यायची, असा संकेत होता. म्हणूनच आज दिल्लीत बैल नसतानाही कुटुंबे जुनी गाडी मोडीत काढत नाहीत. सणावाराला तिची पूजा होते.

चौहान, राठोड, सोळंकी, परमार अशी राजपूत कुळांची नावे हा समाज लावतो. स्त्रियांचा घेरदार घागरा, दंडापर्यंत चढवलेल्या बांगड्या, चांदीचे दागिने आणि अंगावरील गोंदण यांमुळे त्या शहराच्या गर्दीतही ओळखू येतात. लोकदेवता रामदेव आणि देवीची उपासना यांना त्यांच्या धर्मजीवनात महत्त्वाचे स्थान आहे. त्यांची बोली राजस्थानी भाषासमूहातील असून दिल्लीत जन्मलेली मुले घरात ती आणि बाहेर हिंदी बोलतात.

या समाजातील स्त्रीचे श्रम विशेष उल्लेखनीय आहेत. भारतातील बहुतेक कारागीर जातींमध्ये स्त्री मुख्य कामाची पूर्वतयारी करते. येथे मात्र सर्वांत अंगमेहनतीचे काम, म्हणजे घण मारण्याचे काम, तीच करते. शहरात कच्चा माल म्हणून बहुधा मोडीतील लोखंड वापरले जाते. मोटारींच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद उत्तम असल्याने त्यापासून सुऱ्या आणि छिन्न्या घडवतात.

महाराष्ट्रातील घिसाडी

मराठी वाचकाला हा समाज परका वाटू नये. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या (ब) यादीत घिसाडी या नोंदीखाली घिसाडी लोहार, गाडी लोहार, चितोडी लोहार, राजपूत लोहार आदी नावे येतात. ‘चितोडी’ हे विशेषणच पुरेसे बोलके आहे. दिवाळीनंतर गावोगावी फिरून विळे, कुऱ्हाडी, खुरपी घडवणारी घिसाडी कुटुंबे विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्रात अनेकांनी पाहिली आहेत. चव्हाण, पवार, साळुंके, सोळंके अशी आडनावे त्यांच्यात आढळतात. लोखंड घासून त्याला धार लावणारे म्हणून ‘घिसाडी’, अशी या शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः सांगितली जाते.

त्यांच्या बोलीची नोंद जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात ‘तारीमुकी’ अथवा ‘घिसाडी’ या नावाने झाली आहे आणि तिचा समावेश गुजरातीच्या बोलींमध्ये करण्यात आला आहे. मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही घरात पश्चिम भारतातील बोली टिकून राहावी, ही बाब त्यांच्या स्थलांतराची साक्ष देते. मात्र सर्वच फिरत्या लोहारांचे मूळ एका किल्ल्यात आणि एका वर्षात शोधणे योग्य ठरणार नाही. युरोपातील रोमा लोकांचा संबंधही कधी कधी गाडिया लोहारांच्या चितोड त्यागाशी जोडला जातो. परंतु रोमा लोक पंधराव्या शतकापर्यंतच युरोपात पोहोचले होते आणि चितोड पडले ते सोळाव्या शतकात. त्यामुळे हा संबंध कालगणनेतच बसत नाही.

महाराष्ट्रात भटक्या जमाती (ब) गटाला अडीच टक्के आरक्षण आहे. राजस्थानात गाडिया लोहारांचा समावेश गुर्जर, बंजारा, रायका आणि गडरिया यांच्यासमवेत अतिमागास वर्गात होतो. या वर्गाला पाच टक्के आरक्षण देणारा कायदा २०१९ साली संमत झाला. एकाच परंपरेतील कुटुंबांना राज्याची सीमा ओलांडताच निराळा दर्जा मिळतो, ही भटक्यांच्या प्रश्नातील कायमची गुंतागुंत आहे.

१९५५ : पंतप्रधान आणि गडाचा दरवाजा

स्वातंत्र्यानंतर या शपथेची दखल थेट पंतप्रधानांनी घेतली. राजस्थानातील ज्येष्ठ स्वातंत्र्यसैनिक माणिक्यलाल वर्मा यांच्या पुढाकाराने एप्रिल १९५५ मध्ये चितोडगड येथे गाडिया लोहारांचा मोठा मेळावा भरला. देश स्वतंत्र झाला, आता चितोडही मुक्त आहे, असे सांगून पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्यांना सन्मानाने गडावर नेले. शपथ पूर्ण झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुनर्वसनासाठी जमिनी, घरे आणि वसाहती देण्याच्या योजनाही आखल्या गेल्या.

त्या योजनांना मर्यादित यश आले. बऱ्याच कुटुंबांनी काही काळातच वसाहती सोडून पुन्हा रस्ता धरला. यावरून हा समाज स्थिर होऊच इच्छित नाही, असा निष्कर्ष त्या काळी अनेकांनी काढला. कारण अधिक साधे होते. अनेक लोहार एकाच ठिकाणी वसवले, तर त्या सर्वांना पुरेल इतके गिऱ्हाईक आसपासच्या गावांत मिळत नाही. शेतीसाठी दिलेल्या जमिनीबरोबर पाणी, बैल आणि शेतीचा अनुभवही लागतो. गडाचा दरवाजा उघडला, पण उपजीविकेचा दरवाजा उघडायचा राहून गेला.

दरम्यान खेड्यांतील मागणीही घटू लागली. कारखान्यात तयार झालेली स्वस्त अवजारे बाजारात आली आणि ट्रॅक्टरमुळे लाकडी नांगर मागे पडला. तेव्हा बांधकामे आणि स्वयंपाकघरांची मोठी बाजारपेठ असलेल्या दिल्लीकडे गाड्या वळल्या. मुक्काम लांबत गेले, बैल विकले गेले आणि गाड्यांच्या शेजारी झोपड्या उभ्या राहिल्या.

कोमांचींचा धडा

फिरत्या समाजाला एका पत्त्यावर आणण्याचा प्रयत्न जगात इतरत्रही झाला आणि त्याची सर्वांत कठोर उदाहरणे अमेरिकेत आढळतात. अठराव्या शतकाच्या आरंभी घोड्यावर प्रभुत्व मिळवून दक्षिणेकडील गवताळ मैदानांवर सत्ता गाजवणारे कोमांची लोक गव्यांच्या कळपांमागे फिरत. १८६७ च्या मेडिसिन लॉज तहाने त्यांना राखीव प्रदेशात जाण्यास सांगण्यात आले. सप्टेंबर १८७४ मध्ये टेक्सासच्या पालो ड्युरो दरीत अमेरिकी लष्कराने त्यांच्या छावण्या जाळल्या आणि हस्तगत केलेल्या घोड्यांपैकी हजाराहून अधिक घोडे गोळ्या घालून मारले. घोडे गेल्यावर फिरणे संपले. पुढच्याच वर्षी क्वाना पार्कर यांच्या नेतृत्वाखालील अखेरच्या गटाने फोर्ट सिल येथे शरणागती पत्करली. आज या राष्ट्राचे मुख्यालय ओक्लाहोमा राज्यात लॉटन येथे आहे आणि आपली भाषा वाचवण्यासाठी त्याची धडपड चालू आहे.

गाडिया लोहारांवर असे युद्ध कोणी लादले नाही. तरीही प्रवासाचे साधन गेले की जीवनपद्धती बदलते आणि त्यानंतर मिळणारी जागा दुसऱ्याच्या नियमांनी ठरते, हे सूत्र दोन्हीकडे दिसते.

राजधानीतील न्यायालयीन लढा

दिल्लीतील गाडिया लोहारांच्या वस्त्या बहुधा रस्त्याच्या हद्दीत येतात. रस्ता रुंदीकरण, सुशोभीकरण वा मोठ्या सोहळ्याची तयारी सुरू झाली की त्यांच्यावर हटवले जाण्याची टांगती तलवार येते. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांपूर्वी असे अनेक प्रकार घडले आणि ते दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचले. सुदामा सिंह विरुद्ध दिल्ली सरकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणातील याचिकाकर्त्यांत प्रेमनगर येथील गाडिया लोहार वस्तीचे रहिवासीही होते. त्यांच्या झोपड्या रस्त्याच्या हक्काच्या जागेत असल्याने त्यांना पर्यायी जागा मिळू शकत नाही, अशी सरकारी भूमिका होती.

११ फेब्रुवारी २०१० रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांच्या खंडपीठाने ती अमान्य केली. हटवण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाचे सर्वेक्षण झाले पाहिजे, रहिवाशांशी अर्थपूर्ण चर्चा झाली पाहिजे आणि पात्र कुटुंबांना मूलभूत सुविधांसह पर्यायी जागा मिळाली पाहिजे, असे तत्त्व या निकालाने घालून दिले. सोलापुरात जन्मलेल्या न्या. शाह यांच्या कारकिर्दीतील हा अखेरच्या निकालांपैकी एक होय. २०१९ साली शकूर बस्ती प्रकरणातील निकालात उच्च न्यायालयाने हीच भूमिका अधिक विस्ताराने मांडली.

पन्नास घरांची अट

निकालानंतरही एक अडचण शिल्लक राहिली. २०१० च्या दिल्ली नागरी निवारा सुधार मंडळ कायद्यानुसार ‘झोपडपट्टी वस्ती’ ठरण्यासाठी तेथे किमान पन्नास कुटुंबे असावी लागतात. २०१५ च्या पुनर्वसन धोरणाचा लाभ मिळण्यासाठी वस्ती १ जानेवारी २००६ पूर्वीची आणि झोपडी १ जानेवारी २०१५ पूर्वीची असणेही आवश्यक आहे.

गाडिया लोहारांची व्यवसायपद्धती येथे त्यांच्या विरोधात जाते. एका चौकात दहा-वीस लोहारांपेक्षा अधिक लोहारांना पुरेसा धंदा मिळत नाही. म्हणून त्यांच्या वस्त्या लहान आणि एकमेकींपासून दूर असतात. पूर्वी ज्या कारणाने गाड्यांचे तांडे लहान ठेवले जात, त्याच कारणाने आज वस्ती पन्नासाच्या खाली राहते आणि अधिकृत यादीत येत नाही. विखुरलेल्या झोपड्या जवळच्या वस्तीला जोडून घेण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिला आहे. या तरतुदीचा उदारपणे वापर झाल्यास अनेक कुटुंबांचा प्रश्न सुटू शकतो. मात्र पर्यायी घर बहुमजली इमारतीत मिळाले, तर भट्टी आणि ऐरण कोठे मांडायची, हा प्रश्न राहतोच. राजधानी क्षेत्रात १ जानेवारी २०२३ पासून औष्णिक वीज केंद्रे आणि काही ठराविक वापर वगळता कोळसा जाळण्यावर बंदी आली आहे. त्यामुळे भट्टीच्या इंधनाचाही विचार करावा लागणार आहे.

दोन आयोग, एक प्रश्न

भटक्या आणि विमुक्त जमातींच्या राष्ट्रीय धोरणात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. केंद्राने २००६ साली नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके होते. त्यांचा अहवाल २००८ साली सादर झाला. त्यानंतर २०१५ साली भिकू रामजी इदाते यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग नेमण्यात आला. अनेक समाज अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती वा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याही यादीत नाहीत, याकडे या आयोगाने लक्ष वेधले. २०१९ साली या समाजांसाठी विकास व कल्याण मंडळ स्थापन झाले. शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका आणि घरकुल यांसाठी २०० कोटी रुपयांची ‘सीड’ योजना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू करण्यात आली.

योजनेचा लाभ घेण्यासाठी जमातीचा दाखला लागतो, दाखल्यासाठी पत्ता लागतो आणि पत्ता हीच तर या समाजाची मूळ उणीव आहे. या दृष्टीने २०२७ च्या जनगणनेला विशेष महत्त्व आहे. तिच्यात जातनिहाय गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. विमुक्त आणि भटक्या समाजांची स्वतंत्र नोंद व्हावी, अशी त्यांच्या संघटनांची मागणी आहे. रस्त्याकडेची भट्टी, तिच्यामागची झोपडी आणि झोपडीमागची गाडी यांची कोणत्या रकान्यात नोंद होते, यावर पुढच्या पिढीची शाळा, घर आणि धंदा अवलंबून राहणार आहे.

घरात न राहण्याची शपथ १९५५ साली सुटली. त्यानंतर दिल्लीत जन्मलेल्या मुलांनी फिरती गाडी पाहिलेलीही नाही. त्यांच्या पूर्वजांनी घर स्वेच्छेने नाकारले, असे परंपरा सांगते. आजची पिढी ते मागत आहे आणि त्यासाठी आपण येथे राहतो, एवढे सिद्ध करण्याची खटपट तिला करावी लागत आहे.